लडलो : इंग्लंडमधील एक बाजारगाव आणि त्याचा कारभार

इंग्लंडच्या पश्चिमेस, वेल्सच्या सीमेलगतच्या श्रॉपशर परगण्यात टीम नदीकाठी वसलेले लडलो हे सुमारे १०,००० वस्तीचे ‘मार्केट टाउन’, म्हणजे बाजार भरविण्याचा जुना हक्क असलेले आणि भोवतालच्या खेड्यांची पेठ ठरलेले गाव आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस येथे डी लेसी घराण्याने किल्ला बांधला आणि त्याच्या दाराशी पेठ वाढली.

१४६१ मध्ये राजा चौथा एडवर्ड याने दिलेल्या सनदेमुळे गावाचा कारभार गावाच्या हाती आला. दोन बेलिफ, म्हणजे प्रमुख कारभारी, वर्षासाठी नेमले जात आणि ‘बारा व पंचवीस’ या नावाने ओळखली जाणारी सभासदमंडळी त्यांच्या पाठीशी असे. मात्र रिकाम्या जागा ही मंडळी आपणच भरीत असल्याने सत्ता मोजक्या प्रतिष्ठितांतच फिरत राहिली, आणि हा दोष १८३५ च्या कायद्याने करदात्यांना मताधिकार देऊन बराचसा दूर केला. ब्रॉड स्ट्रीटच्या माथ्यावरील बटरक्रॉस ही १७४० च्या दशकातील दगडी इमारत त्या जुन्या मंडळीची आठवण देते : खालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत लोणी विकले जाई, तर वरच्या दालनात गरीब मुलांची धर्मादाय शाळा भरे.

१९६७ आणि १९७४ च्या फेररचनांत गावाचे बहुतेक अधिकार जिल्हा परिषदेकडे गेले आणि २००९ मध्ये तीही बरखास्त होऊन शाळा, रस्ते, कचरा व बांधकाम-परवाने हे सारे श्रूजबरी येथील श्रॉपशर कौन्सिलच्या हाती एकवटले. काटकसरीसाठी केलेल्या या बदलाने निर्णय नागरिकांपासून दूर नेले, ही त्याची खरी किंमत होय.

गावात उरलेली टाउन कौन्सिल कायद्याच्या दृष्टीने पॅरिश कौन्सिल, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीची संस्था आहे. तिचे सदस्य दरवर्षी आपल्यातून ज्याला महापौर निवडतात, त्याचे पद मुख्यतः मानाचे असते. खर्चासाठी ती ‘प्रीसेप्ट’ ठरविते, म्हणजे श्रॉपशर कौन्सिल घरपट्टीसारखा जो कर वसूल करते, त्यात आपल्या वाट्याची रक्कम जोडून घेते. दफनभूमी आणि स्वच्छतागृहे यांबरोबर बाजारही तिच्याकडेच आहे. १९८६ मध्ये व्हिक्टोरियाकालीन सभागृह पाडल्यावर किल्ल्यासमोरचा चौक पुन्हा मोकळा झाला आणि तेथे आठवड्यातून अनेक दिवस लागणाऱ्या दुकानांची व्यवस्था आजही गावचीच संस्था पाहते.