परसातील कोंबड्या आणि फळझाडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



परसबागेवर चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहबाईंची आज्ञा झाली. विषय आपल्या रोजच्या हातातला. परंतु जे रोजचे असते त्याचाच हिशेब आपण ठेवीत नाही. दुधाचा हिशेब ठेवतो, वाण्याचा ठेवतो. पण परसातून महिन्याला किती अंडी आली आणि किती लिंबे निघाली, हे आपल्यापैकी किती जणींनी लिहून ठेवले आहे?

प्रथम झाडांविषयी. जागा पाहून झाड निवडावे. हापूसच्या दोन कलमांत ३०-३२ फूट अंतर लागते, माडाला २५ फूट. दोन-तीन गुंठ्यांच्या परसात हौसेने चार हापूस लावले, की दहा वर्षांनी खाली ऊनच पडत नाही. लहान परसाला पेरू, कागदी लिंबू, पपई, केळ आणि शेवगा ही मंडळी सोयीची. पेरूत सरदार ही जात चांगली. ती पुण्याच्या गणेशखिंडीच्या बागेत निवडलेली आहे. पेरू व आंबा कलमाचाच घ्यावा. बीचे झाड कसे निघेल याचा भरवसा नसतो आणि वाटही अधिक पाहावी लागते.

पपईचे दोन विशेष ध्यानात ठेवावे. एक, पुष्कळ जातींत नर व मादी झाडे वेगळी असतात आणि फूल येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. म्हणून एका आळ्यात तीन रोपे लावून फुलांनंतर नको ती काढावीत; मात्र आठ-दहा माद्यांमागे एक नर राखावा. दुसरे, बुंध्याशी दोन दिवस पाणी तुंबले तरी पपई कुजते. आपल्या कोकणच्या पावसात ती उंचवट्यावरच लावावी. केळीचे मात्र उलट आहे. तिला न्हाणीच्या सांडपाण्याची वाट करून दिली की ती खूश.

आता कोंबड्यांकडे वळू. दहा कोंबड्यांना रात्री निजायला चार फूट बाय पाच फूट जागा पुरते. खुराडे जमिनीपासून उंच, हवेशीर आणि कोरडे असावे. तळाशी भाताचे तूस पसरून ते अधूनमधून वरखाली करावे. खुराड्याला उग्र वास येऊ लागला तर तूस ओले झाले असे समजावे आणि बदलावे. दाराची कडी घट्ट हवी, कारण मुंगूस एका रात्रीत सारा संसार उठवून जातो. दाण्याबरोबर तिसऱ्यांच्या शिंपल्यांची भरड ठेवावी, म्हणजे अंड्याचे कवच पातळ राहत नाही.

आपली गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पण खुडूक बसून पिल्ले काढते आणि घार दिसताच त्यांना पंखांखाली घेते. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती परसासाठीच काढलेल्या आहेत. ग्रामप्रिया अंडी पुष्कळ देते. परंतु रवणीला बसण्याची हौस या जातींना फारशी नसते. म्हणून दोन-तीन गावठी माद्या घरात असू द्याव्यात. अंडी सुधारितची आणि ऊब गावठीची, असा संसार उत्तम चालतो.

कोंबडी आणि झाड यांचे एकमेकांशी देणेघेणे आहे. पेरू-आंब्यावरील फळमाशीची अळी गळलेल्या फळातून निघून मातीत कोष करते. तो कोष उकरून खाणारा मजूर आपल्या दारात फुकट आहे! तोच मजूर नव्या रोपाचे आळे उकरून मुळे मात्र उघडी पाडतो. तेव्हा पहिली दोन वर्षे आळ्यात चपटे दगड मांडावे किंवा काट्यांचे कुंपण करावे. कोंबडीची ताजी शीट कडक असते, ती झाडाला घातली तर मुळे करपतात. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने खड्ड्यात कुजवावी आणि बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली घालावी. ज्या भगिनींच्या घरी अंडे चालत नाही, त्यांनी शेजारणीकडून हे खत घ्यावे आणि बदल्यात टोपलीभर पेरू द्यावेत.

अंड्यांच्या पैशाबद्दलही बोलले पाहिजे. पुष्कळ घरांत कोंबड्या पाळते बाई, आणि अंडी विकली की पैसा दुसऱ्याच खिशात जातो. हा पैसा बाईच्या हातात राहावा. त्याआधी घरची गर्भार सून आणि शाळेत जाणारी मुले यांच्या ताटात अंडे पडावे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ते विकून त्या पैशांची बिस्किटे आणणे हा कोठला व्यवहार?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आला की हिरवी हगवण लागते, माना वाकड्या होतात आणि चार-आठ दिवसांत खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लू सात दिवसांचे होईतो लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालतात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी लस टोचतात. मग आपण ती का देत नाही? कारण लशीच्या एका कुपीत शंभर किंवा अधिक पिल्लांचे डोस असतात. ती बर्फात ठेवावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी कुपी कोण फोडणार?

येथेच मंडळाचे काम आहे. एकाच आठवड्यात साऱ्या वाडीने रवण ठेवावी. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतील, ती एका वयाची असतील, आणि एका सकाळी एकाच कुपीत सर्वांचे काम होईल. एका घरची लस राहिली तर रोग कुंपण ओलांडून दहा घरी जातो, म्हणून हे एकटीने करण्यासारखे नाही.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा आसपासच्या गावांतील परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. म्हणून कोठेही एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या विकू नयेत, ओढ्यात टाकू नयेत, उघड्या हातांनी हाताळू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वरित कळवावे. लपवाछपवीने कोंबडी वाचत नाही आणि शेजार मात्र धोक्यात येतो.

तेव्हा घरी जाण्यापूर्वी प्रत्येकीने कार्यवाहबाईंच्या वहीत आपले नाव आणि कोंबड्यांची संख्या लिहावी. ज्यांच्याकडे कोंबड्या नाहीत त्यांनी बर्फाची आणि थर्मासची जबाबदारी घ्यावी. पुढच्या वर्धापनदिनी कोणी भाषण न करता ही वही वाचून दाखवली, तरी मला समाधान वाटेल.