यंत्रमानवाचे बळ

काही दिवसांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास घरी आला होता. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा ओतकामाचा लहानसा कारखाना आहे. बोलता बोलता तो म्हणाला, "गुरुजी, भट्टीजवळच्या कामाला हल्ली माणसे मिळत नाहीत. माणसासारखी दोन पायांवर चालणारी यंत्रे निघाली आहेत म्हणतात. पुढेमागे असे एखादे आणावे असा विचार आहे." त्याचा उत्साह पाहून मला संतोष वाटला. पण तो गेल्यावर त्याच्याच वर्गातला दुसरा एक मुलगा मला आठवला. एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली सापडून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. काम झपाट्याने उरकावे म्हणून प्रेसपुढची संरक्षक जाळी त्या दिवशी काढून ठेवलेली होती. हे दोन्ही विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवूनच मी आज बोलणार आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला मास्तर. यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. तेव्हा जे वाचून आणि विचारून समजले तेवढेच सांगेन.

रोबो हा शब्द मूळचा चेक भाषेतला. कारेल चापेक या नाटककाराच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकामुळे तो जगभर पसरला. त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ वेठबिगार असा आहे. त्या नाटकातले यंत्रमानव अखेरीस धन्यावर उलटतात, आणि तेव्हापासून यंत्रमानव म्हटला की लोकांस त्याच्या बंडाची भीती वाटते. ही भीती अस्थानी आहे, असे माझे नम्र मत आहे. यंत्राला राग नाही, लोभ नाही, द्वेष नाही. त्याला वजन आहे, वेग आहे, बळ आहे. आणि समोर कोण उभे आहे याची जाणीव मात्र नाही. धोका आहे तो येथे.

हे बळ किती असते? अमेरिकेतील बोस्टन डायनॅमिक्स या कंपनीने २०२६ सालच्या जानेवारीत ‘ॲटलास’ नावाच्या आपल्या यंत्रमानवाचे नवे रूप लोकांपुढे मांडले. त्याचे वजन सुमारे ९० किलो असून तो ५० किलोपर्यंत ओझे उचलू शकतो, असे कंपनी सांगते. आपल्या कोल्हापुरी हिशेबाने बोलायचे तर गुळाचे तीस किलोचे तीन रवे म्हणजे त्याचे वजन. पन्नास किलोचे पोते तर आपल्या मार्केट यार्डातील हमाल दिवसभर पाठीवरून वाहतो. मग भ्यावे असे त्यात काय आहे?

गुऱ्हाळावर ज्यांनी चरक पाहिला असेल त्यांस हे चटकन उमजेल. चरक सावकाश फिरतो, म्हणून तो गरीब दिसतो. पण त्यात बोट सापडले तर ओढून निघत नाही. वेगाने फिरणाऱ्या मोटरचा वेग दातेरी चक्रांनी कमी करून तिचे बळ वाढवावयाचे, ही युक्ति तेथेही आहे आणि यंत्रमानवाच्या सांध्यांतही बहुधा तीच असते. वेग शंभरपट घटविला, तर बाहेरून तो हात ढकलू पाहणाऱ्यास मोटरचे जडत्व शंभराच्या वर्गाने, म्हणजे दहा हजार पटीने वाढलेले जाणवते. हमालाचा धक्का आपणांस लागला, तर त्याचा स्नायू आपोआप सैल पडतो. असा यंत्राचा हात आपण होऊन सैल पडत नाही; तो सैल पडावा अशी योजना कोणीतरी आधीच करून ठेवावी लागते.

आजवर कारखान्यांनी या बळापासून माणसाचा बचाव दोन उपायांनी केला. पहिला उपाय कुंपणाचा. यंत्राच्या फिरत्या भागांभोवती भक्कम आडोसा असलाच पाहिजे, असे बंधन आपल्या देशात १९४८ सालच्या कारखाने अधिनियमाने घातले. कुंपण ओलांडले की काय होते, हे २०१५ साली हरियाणातील मानेसर येथे दिसले. तेथे एका कारखान्यात यंत्रहाताच्या जवळ गेलेला तरुण कामगार प्राणास मुकला. २०२३ साली दक्षिण कोरियात भाजीपाल्याच्या खोकी उचलणाऱ्या यंत्रहाताने तपासणी करणाऱ्या मनुष्यास पकडून दाबले, आणि तो दगावला. माणूस आणि मिरच्यांची खोकी यांतला भेद त्या यंत्रास कळला नाही, अशी वार्ता प्रसिद्ध झाली. आयझॅक आसिमोव्ह या लेखकाने १९४२ सालच्या एका कथेत यंत्रमानवासाठी तीन नियम घालून दिले. माणसास इजा करू नये, हा त्यांतला पहिला. नियम उत्तमच आहे. पण समोरचा माणूस आहे हेच ज्याला ओळखता येत नाही, त्याने तो पाळावा कसा?

दुसरा उपाय म्हणजे कळ दाबून यंत्र बंद करणे. जमिनीत पक्क्या रोवलेल्या यंत्रहाताची वीज तोडली की ब्रेक लागून तो जागच्या जागी थांबतो. दोन पायांच्या यंत्राचे तसे नाही. आपण उभे असतो तेव्हा वस्तुतः क्षणोक्षणी तोल सावरीत असतो, यंत्रमानवही तसाच. त्याची वीज तोडली की तोल सावरणे संपले, आणि तो कोसळला. खाली लहान मूल असेल, तर तीन रवे त्याच्या अंगावर आले म्हणून समजा! इतर यंत्रांत जी कळ माणसास वाचविते, तीच येथे घातक ठरू शकते. आणि कुंपणाचे म्हणाल, तर जेथे कुंपण घालता येत नाही अशा ठिकाणी माणसांत वावरावा म्हणून तर त्यास माणसाचा आकार दिला! अशा रीतीने आपले दोन्ही जुने आधार एकदमच लटके पडतात.

अशा वेळी मला आमच्या पेठेतील तालीम आठवते. शाहू छत्रपतींनी खासबागेचे मैदान बांधविले, त्या या गावात बळाचे कौतुक कोणास नवे नाही. पण तालमीत वस्ताद आधी काय शिकवितात? मोठा मल्ल नवख्या पोराला हौद्यात खेळवितो, तेव्हा पोरासह खाली येताना तो आपला भार आपल्याच गुडघ्यावर आणि कोपरावर घेतो. पोर मातीत लोळते, पण चिरडत नाही. ज्यास असे पडता येत नाही, त्यास वस्ताद पोरांबरोबर उतरू देत नाहीत. मग त्याची छाती केवढीही असो.

शास्त्रज्ञही याच वाटेने चालले आहेत. माणसाच्या शेजारी काम करणाऱ्या यंत्रहातांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१६ साली काही मर्यादा प्रसिद्ध केल्या. शरीरावरील २९ ठिकाणे निवडून कोठे किती दाब सोसेल, याचे आकडे त्यात दिले आहेत. चेहऱ्यासाठी ती मर्यादा ६५ न्यूटन, म्हणजे साधारण साडेसहा किलोच्या भाराएवढी. हातासाठी १४० न्यूटन, म्हणजे सुमारे चौदा किलोची. पण ही मोजमापे मुख्यतः स्थिर बसविलेल्या यंत्रांची. तोल सांभाळून चालणाऱ्या यंत्रांकरिता निराळे मानक तयार करण्याचे काम त्याच संघटनेने हाती घेतले आहे.

गृहिणींनाही हा विषय परका राहिलेला नाही. घरकामासाठी ‘निओ’ नावाचा यंत्रमानव बनविणाऱ्या वनएक्स कंपनीने २०२५ साली त्याची मागणी नोंदविण्यास आरंभ केला. त्याचे वजन सुमारे ३० किलोच ठेवून अंग मऊ केले आहे, आणि सांध्यांत स्नायुबंधासारख्या दोऱ्यांची योजना केली आहे. ही दिशा शहाणपणाची आहे. तथापि तो ७० किलोपर्यंत उचलू शकतो, असेही तीच कंपनी सांगते. एक रवा वजनाचा गडी दोन रव्यांहून अधिक उचलतो, हे पाळण्याजवळ त्यास उभा करताना विसरू नये.

माझा विद्यार्थी पुन्हा आला, तेव्हा मी त्यास नको म्हटले नाही. भट्टीच्या धगीत माणसाने होरपळावे, असे कोण म्हणेल? मी त्यास विकणाऱ्यापुढे ठेवण्यासाठी चार प्रश्न मात्र लिहून दिले. वीज गेली तर हा कसा पडेल, आणि किती जागेत? माणसास धडकला तर किती बळाने दाबील, आणि ते कोणी मोजले? माणूस अर्धवट दिसला, पाठमोरा असला, वाकलेला असला, तर हा त्यास ओळखतो काय? आणि काम मंदावते म्हणून कोणी याची संरक्षक योजना काढून ठेवू लागला, तर हा चालण्याचे नाकारतो काय?

चौथा प्रश्न वाचून तो थबकला. आपल्या वर्गमित्राचा तो हात त्यालाही ठाऊक होता. कागदाची घडी करून त्याने खिशात ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, हा शेवटचा प्रश्न यंत्राला नव्हे, मलाच आहे."

श्रोतेहो, तो आपणां सर्वांनाच आहे.