काटक्या आणि ओंडका



चूल पेटवताना कुणी थेट ओंडक्याला काडी लावत नाही. आधी चिपाडं, काटक्या. त्यांनी जाळ धरला की मग ओंडका. या काटक्यांना इंग्रजीत ‘किंडलिंग’ म्हणतात, आणि मेंदूविज्ञानातल्या एका विलक्षण शोधालाही हेच नाव पडलं.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात ग्रॅहम गॉडर्ड उंदरांच्या शिकण्याचा अभ्यास करत होते. मेंदूत बारीक तार बसवायची, रोज सौम्य विद्युतप्रवाह सोडायचा आणि शिकण्यात काय फरक पडतो ते पाहायचं, एवढाच बेत. सुरुवातीला उंदीर ढिम्म. पुढे मात्र, प्रवाह तेवढाच असताना, काहींना झटके येऊ लागले. दुसऱ्या कुणी प्रयोग फसला म्हणून ते उंदीर बाजूला काढले असते. गॉडर्ड त्यांच्याच मागे लागले. 1967 साली त्यांनी ‘नेचर’मध्ये हे निरीक्षण छापलं. अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागाला रोज एकदा चेतवलं, तर साधारण 15 दिवसांत पूर्ण आकडी येते. नुसती तार बसवून प्रवाह न सोडलेल्या उंदरांना मात्र काही होत नाही.

रोनाल्ड रसीन यांनी 1972 मध्ये या आकडीच्या पाच पायऱ्या लावून दिल्या. आधी उंदीर उगाचच तोंड हलवतो. मग मान डोलू लागते. मग पुढचे पाय थडथडतात. मग तो मागच्या पायांवर उभा राहतो, आणि शेवटी तोल जाऊन कोसळतो.

मला खरं नवल वाटतं ते वेळेचं. तोच प्रवाह काही मिनिटांच्या अंतरानं सोडला, तर मेंदू सहसा पेटत नाही; दिवसाआड किंवा रोज एकदा सोडला, तर पेटतो. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी केलेल्यांना यातलं मर्म सांगायला नको! आणि एकदा ‘शिकलेलं’ हा मेंदू विसरतही नाही. कित्येक आठवडे तारेला हात लावला नाही, तरी तेवढ्याच प्रवाहानं उंदीर पुन्हा कोसळतो.

माणसाच्या मेंदूतही असंच घडतं का? एक फिट पुढच्या फिटची वाट मोकळी करते, असं उंदरावरून सरसकट म्हणता येत नाही. तो वाद जुना आहे. पण औषधं पारखायला हे उंदीर फार कामाला आले. लेव्हेटिरासेटम हे औषध नेहमीच्या चाचण्यांत, म्हणजे धडधाकट जनावराला जोराचा शॉक देऊन पाहताना, जवळजवळ निरुपयोगी ठरलं होतं. किंडलिंग झालेल्या उंदरांचे झटके मात्र त्यानं रोखले. आज आपल्याकडेही अपस्माराच्या रुग्णांच्या चिठ्ठीवर ते नाव सर्रास दिसतं.