सरचूचा मुक्काम

मनालीहून मोटारीनें लेहला निघालेलें दांपत्य पहिल्याच रात्रीं सरचूस उतरतें. उंची सुमारें ४,३०० मीटर. पत्नीचें डोकें ठणकतें, अन्नावर वासना नाहीं. पण पतीचा विरस नको म्हणून ती "प्रवासाचा शीण" एवढेंच सांगते. ही भीड जिवावर बेतूं शकते. विरळ हवेचा हा विकार प्रारंभीं रोग्यानें सांगितल्यावांचून दुसऱ्यास कळत नाहीं. पुढें तोल जाऊं लागला, बसल्या जागीं धाप लागली, तर तत्काळ खालीं उतरणें हाच खरा उपाय; आणि सरचूहून मनालीकडे परतावें, तर आधीं ४,८०० मीटरांहून उंच बारालाचा खिंड चढावी लागते! पहिला मुक्काम सुमारें ३,२०० मीटरांवरील जिस्पा येथें करावा. डोकें दुखावयाचें थांबेपर्यंत वर जाऊं नये. विचारपूस मात्र पतीनेंच करावी, आणि तिच्या "कांहीं नाहीं" वर विसंबूं नये.