गरोदरपण आणि हिवतापाची गोळी

पावसाळा आला की दहिसरमध्ये गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत, बांधकामांवर साचलेल्या पाण्यात ॲनॉफिलिस स्टिफेन्सी डास वाढतो. मुंबईत हिवताप पसरवतो तो हाच. आफ्रिकेतल्या अनेक देशांत गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून, ताप नसतानाही, महिनाभराच्या अंतरानं प्रतिबंधक गोळ्या देतात. आपल्याकडे तशी सरसकट पद्धत नाही. इथं ताप आला की लगेच रक्त तपासायचं. पालिकेच्या दवाखान्यात ते मोफत होतं.

मुंबईत व्हायवॅक्स प्रकारचा हिवताप जास्त. त्यावर क्लोरोक्विन, 3 दिवस. पण दुसऱ्याच दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहतात! खरी अडचण ही. शिवाय व्हायवॅक्सचा जंतू यकृतात दडून बसतो. त्याला तिथून हुसकणारं प्रायमाक्विन गरोदरपणी चालत नाही. घरात कुणाचं उरलेलं असलं तरी गरोदर बाईला देऊ नका. ताप उलटू नये म्हणून डॉक्टर कधी बाळंतपणापर्यंत आठवड्याला एकदा क्लोरोक्विन सुचवतात. तसं सांगितलं असेल तर वार ठरवून टाका, सासूबाईंनाही सांगून ठेवा. गोळी जेवणानंतर घ्या, म्हणजे मळमळ कमी होते. उलटून पडली, तर मनानं दुसरी न घेता डॉक्टरांना विचारा.