जोडाचे काम



सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून जुळवलेली गाडी डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांच्या पाहण्यात आली. ती कोणत्याही नियमात बसत नाही, हे सांगूनच त्यांनी तिचे कौतुक केले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळाली. किक मारून मोटार सुरू होते, याचे लोकांना नवल वाटले. मी मात्र घरी बांधलेली गाडी दिसली की खाली वाकून पाहतो. इंजिन आणि गियरपेटी यांचा जोड पाहिल्यावाचून मला कारागीर कळत नाही.

मोटारसायकलीत बहुधा दोन्ही एकाच कवचात असतात. तेथे प्रश्न नाही. आपल्या भागातील एका मिस्त्रीपुढे मात्र टेम्पोचे डिझेल इंजिन आणि जुन्या पेट्रोल जीपची गियरपेटी होती. मालकाला शेतातल्या शेतात फिरवायला गाडी हवी होती. दोन्हींच्या बोल्टांची भोके जुळेनात, म्हणून मध्ये बारा मिलिमीटर जाड पोलादी प्लेट घातली. परंतु प्लेट घातली की गियरपेटी तितकीच मागे सरकते. तिच्या शाफ्टचे टोक फ्लायव्हीलच्या मध्यावरील बेअरिंगपर्यंत पोचत नाही. त्यासाठी लांब बुश कातावे लागते. क्लच प्लेटच्या खाचा शाफ्टच्या खाचांशी जमाव्या लागतात, ते वेगळेच.

आणि खरी परीक्षा पुढे. दोन्ही शाफ्ट एका रेषेत हवेत, फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. जास्त झाला तर गाडी त्याच दिवशी बंद पडत नाही, हीच तर फसगत! आधी बेअरिंग ओरडते, मग गियर आपोआप निसटतो, शेवटी क्लच प्लेटचा मधला भाग तडकतो. उतारावर गियर निसटला तर काय होते, हे चालवणाऱ्यांना सांगायला नको.

वेगाचेही गणित आहे. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर गाडी ताशी ८० किलोमीटर नेत असेल, तर ३००० फेऱ्यांवर थांबणारे डिझेल इंजिन त्याच गियरमध्ये ६० वरच अडते. शेतात ते चालून जाते.

मिस्त्रीने डायल गेज लावून प्लेट पाच दिवस सरकवली, पुन्हा बसवली, पिना ठोकल्या. मालकाने प्लेटचे पैसे वजनावर दिले आणि म्हणाला, "पाच दिवस नुसते मोजलेच ना?" मजुरीचे भांडण माझ्याकडे आले. मी भाषण केले नाही. त्याला गेजपाशी बसवले, मिस्त्रीला म्हटले, "पिना काढ, प्लेट जरा सरकव, आणि फ्लायव्हील हाताने फिरव." काटा थरथरत बाजूला गेला. पिना पुन्हा बसल्या, काटा जागच्या जागी राहिला. मालक बराच वेळ तो काटा पाहत होता.

चार दिवसांची मजुरी त्याने दिली. पाचव्याची अजून येणे आहे.