गिधाडं कुठं गेली?

(चिखलोलीच्या बैठकीतलं भाषण)



आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पूर्वी ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचे. गिधाडं उतरायची आणि बघता बघता नुसता सांगाडा उरायचा. आज आपल्या कितीतरी पोरांनी गिधाड बघितलेलंच नाही.

ती कुणी मारून खाल्ली नाहीत. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध देत होते. औषध दिल्यावर ढोर लगेच मेलं तर औषध त्याच्या मांसात राहतं. ते मांस खाऊन गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. हे कारण २००४ साली जगापुढं आलं. तोवर उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजार होती तिथं एक उरलं. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, मग ती भरून कधी निघणार? गिधाडांचं काम पडून राहिलं, मेलेल्या ढोरांवर कुत्री वाढली.

आता आपली वालधुनी बघा. डोंगरातून निघते तेव्हा पाणी चांगलं असतं. खाली अंबरनाथ, उल्हासनगरला कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी तिच्यात येतं. जिथं मासा, खेकडा, शिंपला जगत नाही, तिथं कातकऱ्याचं कालवणही संपलं.

आणि ऐकवतात कुणाला? आपल्याला! म्हणे, आदिवासी जंगल संपवतात. अरे, शेवळं, करटोली पुढच्या पावसात परत यायला पाहिजेत, म्हणून आपली बाई कंद जमिनीत ठेवून वरचंच खुडते. जंगल संपलं तर पहिली चूल आपली विझते.

२००६ साली दोन गोष्टी झाल्या. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि वनहक्क कायदा झाला. आपण त्या कायद्यात जमिनीचा दावा तेवढा वाचतो. कलम ५ पण वाचा. जंगल, वन्यजीव, जैवविविधता, पाण्याचे झरे राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. सभेनं ठरवलेलं पाळलं जाईल हे बघायचाही अधिकार आहे.

म्हणून तीन कामं करू. एक, प्रत्येक पाड्यात म्हाताऱ्यांना बसवून यादी लिहू: कुठला पक्षी, मासा, कंद होता, कधीपासून दिसत नाही, तिथं काय बदललं. दुसरं, सामूहिक दाव्यात झरे, ओढे, देवराई नावानिशी लिहू. तिसरं, ओढ्यात ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारणं बंद. टाकणारा आपला असला तरी सभेत बोलवू. आपला ओढा साफ असला तरच कारखान्याला जाब विचारता येईल.

जमिनीचा सातबारा आपल्या नावावर झाला आणि जंगल मुकं राहिलं, तर तो हक्क अर्धाच.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!